दोन बॉलला एक रेघ

पिचरचे बॉल मोजायचं काम पवार सरांनी माझ्याकडे दिलं, कारण माझं अक्षर वळणदार होतं आणि मी खोटं बोलत नाही असा त्यांचा समज होता. अक्षराबद्दल त्यांचं बरोबर होतं. बदनापूरच्या आमच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉल सुरू झाला तेव्हा गावाला वाटायचं, हे क्रिकेटच आहे, फक्त पोरींसाठी सोपं केलेलं, कारण बॉल खालून टाकायचा. हात खांद्यापासून पूर्ण गोल फिरवायचा आणि कमरेजवळ बॉल सोडायचा. तो टाकणारी मुलगी म्हणजे पिचर, आणि सगळा सामना तिच्या एका हातावर चालतो. खालून टाकलेल्या बॉलनं हाताला काय होतंय, असं सगळेच म्हणायचे. सर मात्र कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि तिथून एक नियम घेऊन आले होते, की एका पिचरनं एका दिवसात एकशेवीसच्या वर एकही बॉल टाकायचा नाही. त्या काळात आमच्या भागात मुलींच्या हाताचा एवढा विचार करणारा दुसरा माणूस नव्हता, हे मी कबूल करते. त्यांच्यावरचा माझा राग त्यामुळे कमी होत नाही, ती गोष्ट वेगळी.

संघात पिचर दोन होत्या, छाया आणि मी. एकीचा आकडा भरला की दुसरीनं उतरायचं. एक टाकत असताना दुसरी बाकावर मोकळीच असते, म्हणून सरांनी ठरवलं की बाकावरच्या पिचरनं मैदानावरच्या पिचरचे बॉल मोजायचे. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ही व्यवस्था त्यांना फार हुशारीची वाटायची आणि दुसऱ्या शाळांच्या सरांना ते ती कौतुकानं सांगायचे. आकडा भरल्यावर जिला उतरावं लागणार, तिच्याच हातात पेन्सिल द्यायची, यातली खोट त्यांना कधी दिसली नाही. त्यांच्या डोक्यात एकच होतं, की दोघीही पिचर, दोघींनाही टाकायची हौसच असणार. छायाला होती. ती माझे बॉल मोजायची तेव्हा एकाचीही चूक करायची नाही. मला मात्र टाकण्याची भीती वाटायची, आणि हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

छाया माझी चुलत बहीण. माझ्याहून वर्षानं मोठी, पण लहानपणी विषमज्वरात तिचं एक वर्ष गेलं, म्हणून आम्ही एकाच वर्गात होतो. विहारामागच्या गल्लीत आमचं घर, दोन खोल्या आणि पत्र्याचं स्वयंपाकघर, त्यात आम्ही सात माणसं. माझे वडील, ज्यांना सगळं घर दादा म्हणायचं, जालन्याला एका कचेरीत शिपाई होते आणि रोज गाडीनं जाऊन येऊन करायचे. काका कृषी केंद्राच्या शेतावर रोजंदारीनं जायचे, काम असेल तेव्हा. चूल एक होती, आणि ती दादांच्या पगारावर पेटते हे कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. काकी सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायची. मी जागी व्हायची ती भाकरी थापल्याच्या आवाजानं, आणि त्याच्या पाठोपाठ हापशाची कुरकुर ऐकू यायची, म्हणजे छाया पाण्याला गेलेली असायची. काकीचं ते सगळ्यांच्या आधी उठणं तिच्यातही उतरलं होतं. येसराची आमटी वाढताना ती माझ्या ताटात दाट वाढायची आणि स्वतःला वरचं पातळ घ्यायची. मला तेव्हा वाटायचं, तिला पातळच आवडतं.

काका येताना कधीकधी कुणाच्या बागेत गळून पडलेल्या हिरव्या मोसंब्या पिशवीत घेऊन यायचे. खायला त्या कडू, फेकायला मात्र उत्तम. स्टेशनाकडच्या एका बंद गोदामाच्या भिंतीवर छायानं खडूनं चौकोन काढला होता, आणि शाळा सुटल्यावर ती त्यावर मोसंब्या मारायची. धप्, धप्, धप्, आणि मध्येच एखादी फुटली की आंबट वास. ते बॉल वहीत धरले जात नसत. मोसंबी म्हणजे काही बॉल नव्हे, असं आम्हा दोघींचं ठरलेलं होतं. तिचा हात इतका सरळ चालायचा की चौकोनाच्या मधलं प्लास्टर उडून गेलं होतं. मला तिचा हेवा वाटायचा, आणि सुटल्यासारखंही वाटायचं. ती एवढी चांगली असली म्हणजे मला उतरावं लागणार नाही, हे माझं साधं गणित.

गणितावरून आठवलं. छायाला नर्स व्हायचं होतं. उपकेंद्रावरच्या नर्सबाई सायकलवर यायच्या आणि पुरुष माणसंही त्यांना अहो-जाहो करायची, ते तिच्या मनात बसलं होतं. त्यासाठी निदान दहावी पास व्हायला हवं, आणि छायाचं घोडं गणितात अडायचं. तिमाही असो की सहामाही, वीस-बावीसच्या पुढे ती कधी गेली नाही. सरांनी एकदा दादांना सांगितलं की संघ विभागात जिंकून राज्यावर खेळला तर संघातल्या प्रत्येक मुलीला दहावीला पंचवीस मार्क जास्तीचे मिळतात. त्या दिवसापासून घरात छायाच्या भविष्याचा विषय निघाला की सॉफ्टबॉल निघायचा. दादा म्हणायचे, पोरीनं राज्याचं मैदान बघितलं की ती पास झालीच म्हणून समजा. मला त्या मार्कांची गरज नव्हती, मी वर्गात तिसरी-चौथी यायची. गरज तिला होती, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं.

सर एकदा घरी आले. आईनं धपाटे केले होते, त्यांनी चार खाल्ले आणि आईला आणि काकीला आपला नियम समजावून सांगितला. म्हणाले, ज्या दिवशी जिनं जास्त बॉल टाकले, तिला त्या दिवशी हापशावर पाठवू नका, भाकरी थापायला बसवू नका, हाताला विसावा द्या. आईनं हे इतकं मनावर घेतलं की तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दारात आलो की पहिला प्रश्न तोच, आज कोणाचे जास्त? वही माझ्या दप्तरात असायची. मी म्हणायची, माझे. छाया चप्पल काढता काढता एकदा माझ्याकडे बघायची आणि घागर उचलायची. दिवसभर बॉल तिनंच टाकलेले असायचे, वर हापसा तिचाच, भाकरीही तिचीच. मी अभ्यासाला बसायची. ती कधी बोलली नाही, आणि ती का बोलली नाही हे कळायला मला फार वर्षं लागली. पगारवाल्याच्या पोरीला खोटं पाडायची हिंमत त्या घरात काकांच्या पोरीला नव्हती. आईनं वही कधी मागितली नाही. मागितली असती तर कदाचित मी पुढे एवढी निर्ढावले नसते. पण हे आईच्या गळ्यात घालणंही मला शोभत नाही.

हल्ली मला शाळांच्या सामन्यांना पाहुणी म्हणून बोलावतात. पिचरचे बॉल मोबाईलवर मोजतात, आकडा लाल झाला की मुलीला बाहेर काढतात. मुलींचे आईबापही खुर्च्या टाकून मोजत असतात. परवा एक बाई पंचाशी भांडत होती, की माझ्या मुलीचे तुम्ही तीन बॉल कमी धरले. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

विभागाचे सामने त्या वर्षी जालन्यालाच होते. सकाळच्या गाडीनं आम्ही सोळाजणी गेलो, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याचा ठेचा. मैदानावर नुकतीच फक्की मारलेली होती. एकाच दिवशी सकाळी उपांत्य आणि दुपारी अंतिम सामना. अंतिम सामन्यात कोण येणार ते आम्हाला आधीच माहीत होतं. शहरातला तो संघ, धिप्पाड मुलींचा. आदल्या वर्षी त्यांच्याविरुद्ध सरांनी मला उतरवलं होतं. चार बॉल प्लेटच्या, म्हणजे बॅटवालीपुढच्या पाटीच्या, बाहेर गेले की समोरच्या मुलीला फुकटात पहिला बेस मिळतो, आणि मी एकामागून एक सहा मुलींना असे फुकट बेस दिले होते. मैदानाच्या कडेला उभी असलेली माणसं हसायला लागली होती. त्यांच्यातलाच एकजण ओरडला होता की पोरीला भाकऱ्या थापायला पाठवा. त्या हसण्याची धास्ती मी वर्षभर पोटात घेऊन फिरत होते.

उपांत्य सामन्यात छायानं पहिल्या इनिंगला तेवीस बॉल टाकले. तेवीस रेघा मी प्रामाणिकपणे काढल्या. दुसऱ्या इनिंगला समोरच्या मुली बॉल कापत राहिल्या, बॅटला नुसता लागून तो रेघेबाहेर जायचा, त्या आऊट होईनात, आणि माझ्या लक्षात आलं की हे असंच चाललं तर सकाळीच शंभर होतील आणि दुपारी मला उतरावं लागेल. मी काही ठरवलं नाही, खरं सांगते. पुढचा बॉल पडला आणि पेन्सिल हलली नाही. त्याच्या पुढचा पडला तेव्हा एक रेघ काढली. मग तेच चालू झालं, दोन बॉलला एक रेघ. मनातली मोजणी काही थांबत नव्हती, ती खरीच चालली होती. सामना संपला तेव्हा वहीत अडुसष्ट होते आणि मनात एकशेतेरा.

जेवायला आम्ही लिंबाखाली बसलो. छाया डाव्या हातानं धपाट्याचा तुकडा मोडत होती. उजवा मांडीवर ठेवलेला, बोटं उघडी. आमच्यात कुणी डाव्या हातानं जेवत नाही, ती तर कधीच नाही. मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं की हात जरा भरून आलाय, बॉल टाकायला लागले की मोकळा होईल. तेवढ्यात सर आले. शिट्टी गळ्यात, तोंडात पान, चेहरा आनंदानं फुललेला.

"सुनंदा, छायाचे किती झाले?"

वही माझ्या मांडीवर होती. "अडुसष्ट, सर."

सरांनी वही बघितली नाही. म्हणाले, "म्हणजे बावन्न बाकी आहेत. चांगलं झालं. जाईल तेवढी छाया जाईल, मग तू."

पन्नास वर्षं ओलांडलेल्या बाईनं पंधरा वर्षांच्या पोरीला किती माफ करावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पोरगी घाबरली होती, हे खरं. पण सर सकाळभर त्याच मैदानावर उभे होते. सात इनिंग त्यांच्या डोळ्यांसमोर झाल्या. एवढ्या लांबलेल्या सामन्यात अडुसष्ट बॉल होत नाहीत, हे कळायला शिबिर करावं लागत नाही. सरांना मोजता येत नव्हतं असं नाही. त्यांना जिंकायचं होतं, जिंकायला छाया हवी होती, आणि छायाला ठेवता येईल असा आकडा त्यांना कुणीतरी सांगायला हवा होता. तो मी सांगितला. नियम त्यांचा, तो पाळल्याची वही माझी, आणि हात तिचा.

अंतिम सामन्यात माझी पेन्सिल सरावली होती. पाचव्या इनिंगच्या शेवटी कॅचर नसीम बाकाकडे आली. कॅचरच्या हातात बॉल येऊन बसतो, पिचरच्या हाताचं तिला सगळ्यात आधी कळतं. तिनं तोंडावरची जाळी वर केली आणि सरांना म्हणाली, "सर, छायाचा हात बिलकुल बराबर न्हाई. बॉल सोडताना थरथरून राह्यला."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "किती?"

छायाही तिकडून बघत होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, उजवा हात डाव्यानं कोपराखाली धरलेला. त्या क्षणी मी खरं बोलले असते तर सगळं थांबलं असतं. एकशेसत्त्याहत्तर, सर. एवढे दोन शब्द होते. मैदानाच्या कडेची माणसं तीच होती की वेगळी, मला माहीत नाही, पण ती तिथं उभी होती.

"शंभर झाले सर," मी म्हणाले. "वीस हायेत अजून."

नसीम माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं जाळी खाली ओढली आणि गेली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आम्ही जिंकलो. शेवटची मुलगी आऊट झाली तेव्हा सगळ्या छायाकडे धावल्या आणि तिला उचलायला गेल्या, तर ती हात पोटाशी घट्ट धरून खाली बसली. वहीत एकशेसतरा होते. खरे दोनशे अकरा. सरांनी ती वही आयोजकांच्या टेबलावर नेऊन दाखवली, की बघा, आमच्याकडे मुलींच्या हाताची कशी काळजी घेतात.

घरी आलो तेव्हा आईनं नेहमीसारखं विचारलं, आज कोणाचे जास्त. मी काही बोलायच्या आत छाया म्हणाली, "सारखेच झाले, मोठी माय." काकीनं हळद-तेल गरम करून चोळलं. दुसऱ्या दिवशी मनगटापासून वर सूज आली. खालून बॉल टाकून हाड मोडत नसतं, शीर आखडली असंल, असं सगळ्यांचं मत पडलं आणि काका तिला शेजारच्या गावातल्या हाडवैद्याकडे घेऊन गेले. त्यानं हात ओढला. तिचं ओरडणं मी ऐकलं नाही, मी शाळेत होते. आठ दिवसांनी दवाखान्यात फोटो काढला तेव्हा कळलं की हाताच्या हाडाला आधी बारीक चीर गेली होती आणि ओढाओढीत ती सरकली होती. प्लास्टर घातलं. राज्याचे सामने तीन आठवड्यांवर होते. सर घरी आले, या वेळी त्यांनी चहा पण घेतला नाही. यादीत सोळाच नावं पाठवता येतात, प्लास्टरमधली मुलगी कशी नेणार, म्हणाले. छायाच्या जागी नववीतल्या एका मुलीचं नाव घातलं. दादांनी एकदा विचारून पाहिलं, नुसतं नाव ठेवता येत नाही का, पोरीच्या मार्कांचा सवाल आहे. सर म्हणाले, नियम आहे.

राज्यावर मी पिचर म्हणून गेले. पहिल्याच सामन्यात आमचा पार धुव्वा उडाला, चौथ्या इनिंगला पंचांनी खेळ थांबवला. मी किती बॉल टाकले ते कुणी मोजलं नाही. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळतं, जिंको की हरो. मला ते मिळालं. त्याचे पंचवीस मार्क माझ्या दहावीला लागले आणि फर्स्ट क्लासचं डिस्टिंक्शन झालं. छायाला गणितात एकवीस पडले. पास व्हायला चौदा कमी. निकालाच्या दिवशी ती काही रडली नाही, तिनं माझ्यासाठी पेढे आणायला काकांना पाठवलं. पुन्हा परीक्षेला बस, असं दादा दोन-तीनदा म्हणाले, चौथ्यांदा म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी वाटूरला तिचं लग्न लावून दिलं. पुढे मी खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीला लागले, त्याच प्रमाणपत्रावर. नोकरीत माझा दोनदा गुणी खेळाडू म्हणून सत्कार झाला, शाल आणि नारळ. दोन्ही वेळा मी ते घेतले.

गेल्या महिन्यात वाटूरला गेले होते. छाया अंगणवाडीत मदतनीस आहे, निवृत्तीला आता थोडीच वर्षं राहिलीत. तिचा उजवा हात कोपराखाली किंचित वाकडा आहे आणि थंडीत ठणकतो. भाकरी आता सून थापते. नवी सून आहे, बोलकी. आम्ही दोघी जेवत होतो आणि ती गरम भाकरी आणून वाढत होती. तिनं सासूला सहज विचारलं, मामी, हाताला काय झाल्तं तुमच्या. मी ताटातली भाकरी मोडत राहिले. छाया मात्र खुलली. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं, आणि ती जणू कुणी विचारावं म्हणूनच थांबली होती. जालन्याचं मैदान, नसीम, शेवटची मुलगी कशी आऊट झाली, सगळं तिनं सुनेला सांगितलं. मग माझ्या पाठीवर डावा हात ठेवला.

"सर मला बसवणारच व्हते," ती म्हणाली. "एकशेवीसच्या वर टाकूच द्यायचे न्हाईत ते. मी बी मनात मोजून राह्यल्ते ना, मला बराबर ठाऊक व्हतं किती झाले. आन् ही सरांना सांगती, शंभर. म्हणलं, सरांम्होरं कधी खोटं न बोलणारी पोरगी माझ्या मार्कांसाठी त्यांना खोटं सांगून राह्यली. मंग हात मोडला तरी चालंल, पण बॉल टाकायचाच. न्हाईतर तवाच बसले असते मी, लई दुखून राह्यल्तं."

सून भाकरी हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "खरंच मावशी?" ती म्हणाली. "तुम्ही यांच्यासाठी असं केल्तं?"

छाया हसत माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हणाले.